अन्नपूर्णेचं आसन

आमच्या बायकोचा कुणावरही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाला पाणी घालतो, सब्जीवाला तराजूला बोट लावतो, शेजारच्या मिश्राइनबाई आपली पाठ वळली की कढीपत्ता ओरबाडतात, ही यमुनाची जगाकडे बघायची रीत. लखनौच्या तेलीबागमध्ये आम्ही कित्येक वर्षं राहतो, तरी बाहेर पडताना ती कुलूप ओढून बघते आणि चार पावलं जाऊन पुन्हा ओढायला येते. मी तिला हसायचो. संशोधन संस्थेत हयात घालवलेला माणूस मी, पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. पण त्या सीरियलच्या भानगडीत मीसुद्धा लोकांच्या पिशव्यांकडे संशयाने बघायला लागलो, आणि त्याचा राग मला अजून आहे.

तेव्हा टीव्हीवर सीरियलचं नुसतं पेव फुटलं होतं. लखनौच्या केंद्रावर 'तीसरी चोट' नावाची एक मालिका करायचं ठरलं. गोष्ट एका लिलावघराची. जुनी चित्रं, झुंबरं, मूर्ती तिथे विकायला येतात आणि दर भागात काही ना काही खोटं निघतं. दिग्दर्शक नरेंद्रजींना लिलाव पुकारणारा माणूस हवा होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी नाटकात घसा फोडतो, ते त्यांनी ऐकलं होतं. माझी हिंदी कानावर पडली की लखनौची माणसं सभ्यपणे खाली बघतात. नरेंद्रजी मात्र टाळी वाजवून म्हणाले, "यही तो चाहिए! नीलामी वाला बाहर का आदमी लगना चाहिए." माझ्या उच्चारांचं कौतुक झालेली माझ्या आयुष्यातली ती एकमेव वेळ.

मला त्यांच्यापर्यंत नेलं हेमचंद्रने. हा नागपूरचा, तिशी उलटलेला, केंद्रावर कंत्राटाने सेट उभारायचा. एक मालिका संपली की पुढचं कंत्राट मिळेपर्यंत जीव टांगणीला. लग्न ठरलं होतं, पण मुलीच्या वडिलांनी 'आधी नोकरीचं काय ते नक्की होऊ दे' म्हणून तारीख लांबणीवर टाकली होती. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला असायचा. यमुना त्याला आग्रह करकरून वाढायची, आणि तो गेल्यावर चमचे मोजायची.

अशाच एका रविवारी नरेंद्रजीही पुरणपोळी खायला आले आणि हात धुता धुता त्यांची नजर आमच्या देवघरात गेली. तिथे अन्नपूर्णा बसलेली. वीतभरसुद्धा नाही, पण नाकीडोळी देखणी, आणि दोन्ही हातांत आडवी पळी.

"भाभीजी, यह कौन सी देवी हैं? ऐसी मूर्ति तो इधर किसी ने देखी न होगी!"

चौथ्या भागात त्यांना एक जुनी मूर्ती आणि तिची नक्कल शेजारी शेजारी ठेवायची होती. यमुनाच्या कपाळावर तिथल्या तिथे आठी पडली.

ती का पडली ते सांगायला हवं. आमच्यात मुलगी सासरी जाताना माहेरची अन्नपूर्णा बरोबर देतात. यमुनाची मूर्ती तिच्या आईची, आईला तिच्या आईकडून आलेली, पंचधातूची. खाली तांब्याचं कमळाचं आसन, त्याला उभा काठ, त्या काठात मूर्तीची बैठक बसते. यमुनाला मोठी बहीण आहे, पुण्याच्या शुभदाताई. त्यांचं लग्न आधी झालं. पण आईने वंशपरंपरेची मूर्ती धाकटीसाठी राखून ठेवली आणि ताईंना नवी घडवून दिली. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने हे यमुनाच्या कानात सांगितलं, आसन हातात ठेवलं आणि वर म्हणाली, "ताईला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल." यमुना कधी बोलली नाही. मात्र ताईंचा विषय निघाला की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते मी लग्नापासून बघत आलोय.

त्या मूर्तीचा एक कुळाचारही होता. दर दिवाळीला यमुना तिला आसनावरून उतरवायची, चिंचेने लख्ख घासायची, आणि लगेच मेणात कुंकू कालवून त्याची वळी बैठकीखाली दाबून तिला पुन्हा आसनात बसवायची. अन्नपूर्णेने घर सोडून जाऊ नये म्हणून. हेही आईनेच शिकवलेलं. शुभदाताई असलं काही करत नसत. "नव्या मूर्तीला कसला आलाय कुळाचार," असं यमुना माझ्याजवळ म्हणायची आणि त्यांची कीव करायची.

तर अशी मूर्ती ती टीव्हीवाल्यांच्या हातात देईल, हे स्वप्नातही शक्य नव्हतं. पण आमची चारुलता हटून बसली. कॉलेजात जाणारी मुलगी, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. "मम्मी, पूरा लखनऊ देखेगा! प्लीज़ ना. पापा भी तो हैं वहाँ." मीही दोन शब्द टाकले. खोटं कशाला बोलू, माझ्या हातात ती मूर्ती टीव्हीवर दिसेल याचा मला मोह झाला होता. शेवटी यमुनाने देवीवर अक्षता टाकल्या, तिला आसनातून सोडवलं, बैठकीवरचं मेण खरवडून तुळशीत टाकलं आणि मूर्ती रुमालात बांधून दिली. आसन नरेंद्रजींना नको होतं. त्याने घरचं देवघर वाटतं म्हणे.

सेटवर अमीनाबादचे जगदीशबाबू असायचे. जुन्या वस्तूंचे व्यापारी. लिलावघरासाठी घड्याळं, आरसे, खुर्च्या त्यांनीच दिल्या होत्या, आणि सामानावर लक्ष ठेवायला ते स्वतःच त्यातल्या एका खुर्चीवर दिवसभर ठाण मांडून बसायचे. त्यांनी खिशातून भिंग काढून आमची अन्नपूर्णा सावकाश, सगळ्या बाजूंनी बघितली. "बड़ी प्यारी चीज़ है. देने का इरादा तो नहीं?" मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी मला पान देऊन त्यांनी पुन्हा तेच विचारलं. यमुना मला डबा द्यायला आली होती, तिने ते पाहिलं.

नक्कल करायचं काम हेमचंद्रचं. तो मूर्ती घेऊन यहियागंजला गेला आणि तिथल्या ओतकाम करणाऱ्याकडून रंगानेही हुबेहूब अशी पितळेची दुसरी ओतून घेऊन आला. दोन्ही टेबलावर ठेवल्या तेव्हा माझ्यातला शास्त्रज्ञ गप्प बसेना. मी चहा पिता पिता नरेंद्रजींना सांगितलं की वितळलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून साच्यातून काढलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहानच होते. ते इतके खूश झाले की त्यांनी तो माझा संवादच करून टाकला. मी दोन्ही मूर्ती उचलायच्या, गर्दीकडे बघायचं आणि गरजायचं, "यह छोटी है, इसीलिए नक़ली है!" पंधरा वेळा घोकून मी तो बोललो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे ठाऊक होतं की हा संवाद माझ्याच घरात माझ्यावर उलटणार आहे.

शूटिंग संपल्यावर हेमचंद्र स्वतः येऊन मूर्ती देऊन गेला. यमुनाने तिला दुधापाण्याने न्हाऊ घातलं, पुसलं आणि आसनात ठेवलं. मी पेपर वाचत होतो.

"अहो, जरा इकडे या."

तिने देवीच्या खांद्याला बोट लावलं. मूर्ती पडायला आलेल्या दातासारखी हलली. काठ आणि बैठक यांच्यात चांगली फट दिसत होती.

"तुमचाच डायलॉग ना?" यमुना म्हणाली. "छोटी है, इसीलिए?"

मी मूर्ती फिरवून बघितली, उजेडात धरली, पुन्हा बसवली. ती प्रत्येक वेळी हललीच.

त्या दिवसापासून घरात चुलीवर दूध कमी आणि संशय जास्त उतू जायला लागला. यमुनाचा हिशेब सरळ होता. मूर्ती यहियागंजला कुणी नेली? हेमचंद्रने. परत कुणी आणली? हेमचंद्रने. भिंग लावून कुणी बघितली? जगदीशबाबूंनी. "दोघांचं संगनमत आहे. आणि तुम्ही त्या म्हाताऱ्याबरोबर पान खात काय बोलत होतात?"

"म्हणजे मीसुद्धा?"

"मी नुसतं विचारलं."

तिने नुसतं विचारलं नव्हतं, आणि ते मला फार लागलं. सबंध संसारात मी तिच्या मागे कपाटसुद्धा उघडलं नसेल. रागारागाने मी केंद्रावर गेलो आणि हेमचंद्रला म्हणालो, ती दुसरी मूर्ती दाखव. त्याचा चेहरा पडला. "काका, ती सापडत नाहीये. स्टोअरमध्येच होती, यार, आता कुठे गेली देव जाणे." इतका वेळ मी त्याची बाजू घेत होतो. त्या क्षणी मीही यमुनाच्या बाजूला गेलो.

तिथून तडक रिक्षाने अमीनाबाद. जगदीशबाबूंच्या दुकानाचा पडदा मी सारला, तर त्यांनी घाईघाईने मांडीवरच्या कशावर तरी वर्तमानपत्र ओढलं. "आइए, आइए," म्हणाले, पण उठले नाहीत. मी इकडचं तिकडचं बोललो, त्यांनी इकडची तिकडची उत्तरं दिली आणि पूर्ण वेळ एक हात त्या वर्तमानपत्रावर ठेवला. मी घरी येऊन यमुनाला सांगितलं, आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की मी अगदी तिच्याच सुरात बोलतोय.

यमुनाने नरेंद्रजींकडे तक्रार केली. त्यांनी ती वर कळवली. दोन दिवसांत सगळ्यांना समोरासमोर बसवायचं ठरलं आणि तोवर हेमचंद्रचं पुढचं कंत्राट थांबवलं. संध्याकाळी तो आमच्याकडे आला. यमुनाने जाळीचं दार उघडलं नाही.

"काकू, मी या घरचं मीठ खाल्लंय. तुमच्या देवाला हात लावीन का मी?"

"खाल्लंयस, म्हणूनच तर विचारतेय. कुठे आहे माझी अन्नपूर्णा?"

"काकू, लग्न मोडेल माझं."

ती आत वळली. तो गेला. मी तिला म्हणालो की निदान पाणी तरी विचारायचं होतंस. त्यावर ती मला जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग देवघरासमोर बसून रडली. "आईने विश्वासाने दिलेली एकच वस्तू, अहो. तीही मला सांभाळता आली नाही." तिला रडताना बघून मला माझ्या टीव्हीच्या हौसेची शिसारी आली.

ठरल्या दिवशी केंद्राच्या सामानाच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. एक अधिकारी, नरेंद्रजी, जगदीशबाबू, भिंतीला टेकलेला हेमचंद्र, आणि आम्ही दोघं. यमुनाच्या पिशवीत मूर्ती आणि आसन. जगदीशबाबू फणफणत होते. त्यांनी आल्या आल्या मला बाजूला घेतलं. "डॉक्टर साहब, आप उस दिन मेरे अख़बार को घूर रहे थे. इमरती थी उसमें, इमरती! शक्कर की बीमारी है, बेटे से छिपाकर खाता हूँ. अब कहिए तो उसका भी पंचनामा करवा दूँ?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात स्टोअरवाल्याने लिलावाच्या टेबलावरचा मखमली पडदा कपाटातून ओढून काढला आणि त्याच्या गुंडाळीतून दुसरी मूर्ती टणकन खाली पडली. हेमचंद्रने डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी दोन्ही मूर्ती शेजारी शेजारी ठेवल्या. सापडलेली नक्कल आमच्या मूर्तीपेक्षा केसभर लहान होती, नुसत्या डोळ्यांनी कळत होतं.

"लीजिए!" नरेंद्रजी मोकळं हसले. "छोटी वाली नक़ली, बड़ी वाली भाभीजी की. क़िस्सा ख़त्म."

सगळ्यांनी सुस्कारे सोडले. मीही गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही. पुराव्याचा किडा. मी म्हणालो, "लेकिन यह बड़ी वाली भी आसन में हिलती है." आणि आसन काढून दाखवलं. मूर्ती हलली. म्हणजे घरी आलेली हीसुद्धा नक्कलच, आणि पडद्यातली त्या नकलेची नक्कल. मूळ तिसरीच, ती आणखी मोठी असणार आणि ती इथे नाही. हे मी शास्त्रोक्त समजावून दिलं.

अधिकारी हेमचंद्रकडे बघत म्हणाले, "यानी दो बार ढलवाई गई. मैडम, आप लिखकर दे दीजिए, बाक़ी पुलिस देख लेगी."

हेमचंद्रने फक्त यमुनाकडे पाहिलं.

यमुनाने आमची मूर्ती उचलली आणि उलटी केली. बैठक आतून पोकळ असते. केसातली पिन काढून तिने त्या पोकळीत कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवली. लालसर काळा चुरा तिच्या तळहातावर पडला. तिने तो नाकाशी नेला. जुनं मेण, त्यात कुंकू. वर्षानुवर्षांच्या दिवाळ्यांचं. मग तिने पडद्यातली मूर्ती उलटी केली, ती आतून कोरी होती, साच्याची माती तेवढी चिकटलेली.

म्हणजे घरची मूर्ती हीच. तीच गेली होती, तीच परत आली होती.

मला वाटलं आता ती हसेल. ती हसली नाही. तळहातावरचा चुरा ती बोटांनी मळत राहिली, तो मऊ झाल्यावर त्याची बारीक वळी केली, बैठकीखाली दाबली आणि मूर्ती आसनात बसवली. बोट लावून पाहिलं. मूर्ती जागची हलली नाही. यमुना त्या मूर्तीकडे इतका वेळ बघत राहिली की मलाही हळूहळू उमगलं. मेण काढल्याबरोबर ही नेहमीच हलली असती. मेणाशिवाय ती या आसनात कधी बसलीच नव्हती. आसन तिच्यासाठी घडवलेलंच नव्हतं.

अजूनही ती तक्रार लिहून देऊ शकत होती. आसनाचा पुरावा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, आणि मेणाचा अर्थ आम्हा दोघांशिवाय तिथे कुणाला कळला नव्हता. तिने मूर्ती पदराने पुसली.

"यही है," ती म्हणाली. "मेरी ही है. हमारे यहाँ इसको मोम लगाके बिठाते हैं. मैं लगाना भूल गई थी. हेमचंद्र की कोई ग़लती नहीं, उसका काम मत रोकिए."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मात्र मी तोंड उघडलं नाही. बाहेर पडताना ती हेमचंद्रजवळ थांबली. "रविवारी जेवायला ये," एवढंच म्हणाली. त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि तो तिथेच हुंदके देत बसला.

परतीच्या रिक्षात पिशवी तिच्या मांडीवर होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मेण काय, कुळाचार म्हणून कुणीही लावतं."

"ताई लावत नाही," ती म्हणाली. "तिला लागतच नाही."

मग मांडीवरची पिशवी सावरून म्हणाली, "आईने तिच्याही कानात तेच सांगितलं असणार. तुझी खरी, यमुनाला बोलू नकोस. मी विचारू नये म्हणून आसन मला दिलं. आणि आसनात हलते हे कळू नये म्हणून वर कुळाचार लावून दिला." तिला आईचा राग आला होता, आणि आई आता भांडायलाही राहिली नव्हती. मला दोघींचीही दया आली. मूर्ती एक आणि मुली दोन, त्या बाईने करावं तरी काय?

चौथा भाग लागला त्या संध्याकाळी निम्मी गल्ली आमच्या बैठकीत होती. पडद्यावर मी अन्नपूर्णा उंच धरली आणि गरजलो. मिश्राइनबाई वळून म्हणाल्या, "भाभीजी, आपकी वाली असली है न?"

"टीवी में तो वही असली है," यमुना म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

दिवाळीच्या तोंडावर बख्शी का तालाबच्या हवाई तळावरचे आमचे स्नेही संग्राम सुट्टीवर पुण्याला निघाले. यमुनाने आसन चिंचेने घासून लख्ख केलं, कागदात गुंडाळलं आणि त्यांच्या हाती दिलं. "शुभदाताईंना द्या. म्हणावं, तुमचं माझ्याकडे राहून गेलं होतं."

"आणि काही निरोप?"

"काही नाही. त्यांच्या मूर्तीला बसलं की नाही, तेवढं मात्र मला कळवू नका म्हणावं."

त्या दिवाळीला घरात मेण आलं नाही. यमुनाने एक वाटी तांदळाने भरली आणि अन्नपूर्णा त्यात नीट रोवून बसवली. चारुलता दारात उभी राहून बघत होती. आम्ही तिच्यापासून काही लपवलं नव्हतं.

"मम्मी, मेरी शादी में मुझे कौन सी दोगी?"

"हीच," यमुना म्हणाली. "आणि ही नक्कल आहे, हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगून देईन."